पुढच्या फळीतली एक जागा

माण तालुक्यातल्या आमच्या गावात हॉकी कुणी पाहिलीसुद्धा नव्हती. एकोणीसशे चाळीसच्या सुमारास साताऱ्याच्या बोर्डिंगात शिकायला आलो, तेव्हा मेंढरांमागं पळून तयार झालेले पाय एवढंच माझ्याकडं होतं. तिथले ड्रिल मास्तर पलटणीतून निवृत्त होऊन आलेले. त्यांनी माझे पाय हेरले आणि हातात स्टिक दिली.

मैदान मुरमाड, चेंडू कुठं उडेल नेम नाही. मी सारखा खाली बघून पळायचो. मास्तर ओरडायचे, "मान वर कर रं! खाली काय नाणं सांडलंय व्हय?"

मान वर करायला खरं शिकवलं ते माझ्या जोडीदारानं. तो साताऱ्याजवळच्याच एका गावचा. वडील सैन्यात होते ते वारलेले, घरी एकटी आई. मी सेंटर फॉरवर्ड आणि तो माझ्या डाव्या हाताला. तो म्हणायचा, "तू नुसता गोलाकडं पळ गड्या. चेंडू तुझ्याकडं यील." आणि यायचाच. दोन वर्षांत जिल्ह्यातल्या पोरांच्या सामन्यांत आमची जोडी सगळ्यांना माहीत झाली. गोल माझ्या नावावर लागायचे. त्याला त्याचं कधी काही वाटलं नाही.

एका सामन्यात त्याच्या उजव्या गुडघ्यावर स्टिक बसली. चार-पाच दिवस गुडघा सुजला होता. मी सकाळी उठून आंबेहळदीचा लेप लावायचो. "मास्तरांना सांगू नगंस, बाहेर बसवत्याल," तो म्हणाला. मी सांगितलं नाही. सूज उतरली आणि तो पूर्वीसारखा पळू लागला.

त्याच वर्षी हिवाळ्यात सांगलीला मोठे सामने झाले. रेल्वेच्या एका संघाचा साहेब खेळाडू निवडायला आला होता. निवडलेल्याला नोकरी मिळायची, आणि काम म्हणजे खेळणं. आम्ही जिंकलो. तीन गोल मी मारले, तिन्ही त्याच्या पासवर. दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबानं मला एकट्याला बोलावलं.

"पुढच्या फळीत एकच जागा आहे," तो म्हणाला. "तू की तो, ठरत नाही. त्याचा गुडघा दुखावला होता म्हणे?"

"व्हय साहेब, सुजला हुता."

इथं थांबायचं होतं. मी थांबलो नाही. "अजून सुजतो," मी म्हणालो. "थंडीत पळवत न्हाई त्याला. काल कळ दाबून पळाला."

हे खोटं होतं. आदल्याच दिवशी, ऐन थंडीत, तो सहज सगळ्यांच्या पुढं पळाला होता.

जागा मला मिळाली. तो स्टेशनवर पोचवायला आला, माझी वळकटी त्यानंच डब्यात चढवली. "जागा निघाली की मला बोलव," म्हणाला. मी मान हलवली.

तिकडं पहिलं वर्ष राखीव म्हणून बसण्यातच गेलं. भोवती सगळे मिशावाले, कसलेले गडी. ते अंगावर येत, बरगड्यांत कोपर मारत. पास मागितला की हसत. पायाचं बोट मोडलं, तरी पट्टी बांधून सरावाला गेलो. हळूहळू अंग भरलं, दोन्ही बाजूंनी चेंडू फिरवता येऊ लागला आणि दुसऱ्या मोसमात पहिल्या अकरांत आलो. गोल होऊ लागले. डावीकडून चेंडू मात्र नेहमी अर्ध्या पावलानं मागं यायचा.

त्याची कार्डं येत होती. "जागा हाय का रं?" मी लिहायचो, बघतो. साहेबाकडं शब्दसुद्धा टाकला नाही. साहेबानं त्याला रोज पळताना बघितलं असतं तर माझं खोटं उघडं पडलं असतं.

मग एक कार्ड आलं: तो लढाईच्या भरतीत गेला होता. लिहिलं होतं, "डाक्टरनं उड्या मारायला लावल्या, गुडघा दाबून बघितला. म्हणाला, एकदम ठीक हाय." ते कार्ड मी कितीदा वाचलं असेल.

तो ब्रह्मदेशात मारला गेला. मला मास्तरांच्या पत्रातून कळलं. मोसम संपायची वाट न बघता साताऱ्याला आलो आणि आधी मास्तरांकडं गेलो. त्यांच्यापुढं सगळं कबूल करायचं ठरवून आलो होतो, पण तोंड उघडायच्या आत तेच बोलले.

"मला ठाव हाय. साहेबानं मलाबी इचारलं हुतं. मी म्हणालो, गुडघा ठणठणीत हाय. त्यो म्हणाला, त्याचा जोडीदारच न्हाई म्हणतो."

"त्याला कळलं हुतं?"

"मीच सांगितलं त्याला. म्हणाला, त्याला काय बोलू नगा मास्तर. खेळ बिघडंल त्याचा."

तिथून त्याच्या गावापर्यंत कसा चालत गेलो, आठवत नाही. आई दारातच जोंधळे पाखडत बसली होती. मला बघून तिनं सूप खाली ठेवलं आणि माझ्या तोंडावरून हात फिरवला.

"त्यो म्हणायचा, माझा गडी मला बोलावून घेनार हाय. तू बोलावलं हुतंस न्हवं रं? चिठ्ठी उशिरा आली का?"

मी म्हणालो, "व्हय मावशी. उशीर झाला."

ती खूप रडली. मग डोळे पुसून मलाच म्हणाली, "तुझा काय दोष हाय लेकरा?" तिनं चूल पेटवली, भाकरी थापली आणि मी जेवेपर्यंत समोर बसून राहिली. शेजारीण डोकावली तर तिला सांगितलं, "ह्यानं बोलावलं हुतं माझ्या लेकाला."

पुढं चार मोसम मी खेळलो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दर दिवाळीला त्या घरी जात राहिलो, आणि ती असेपर्यंत दर वेळी पहिली भाकरी मलाच वाढायची.