भेटायला आलेली माणसं

भोकरला वैजनाथच्या घरी माणसांचा तोटा कधीच नव्हता. लकवा मारून तो अंथरुणाला खिळला, तेव्हापासून तर रविवारी दारात जत्राच भरायची. आजाऱ्याकडे रिकाम्या हातानं जाऊ नये म्हणून प्रत्येक जण ग्लुकोज बिस्किटं आणायचा. वैजनाथला ती गिळता येत नव्हती. पाहुणेच ती चहात बुडवून खायचे, 'लई खराब झाला हो' म्हणायचे आणि त्याच्या बायकोला, सिंधुला, काळजी घ्यायला सांगून निघून जायचे. जाताना कुणी 'येतो' म्हणत नसे, आजाऱ्याच्या घरून तसं म्हणू नये म्हणे. पुढच्या रविवारी मात्र पुन्हा हजर!

चहा करून करून सिंधुला या माणसांचा वीट आला होता. पण माणसं तुटू नयेत, उद्या दारात कुणी तरी लागतं, असं लहानपणापासून कानीकपाळी ऐकलेलं. म्हणून ती गप चहा टाकायची.

दारात खरं कोण लागत होतं, हे तिला चांगलं ठाऊक होतं. पलीकडच्या घरातली हाजराबी. गाद्या भरणाऱ्या फारूकची बायको, तोंडानं फटकळ. वैजनाथला कुशीवर वळवायचं असलं की नवराबायको दोघंही यायची. सिंधु बाजारात गेली की हाजराबी त्याला भरवायची आणि 'गीळ की रे बाबा, मला बी घरी कामं हायेत' म्हणून दटावायची. तिच्या हातचं तो मुकाट्यानं खायचा.

सिंधुच्या गर्भाशयात गाठ निघाली. नांदेडच्या डॉक्टरांनी सोमवारचं ऑपरेशन ठरवलं आणि आदल्या दिवशीच भरती व्हायला सांगितलं. आता टाळलं तर माझ्याकडे येऊ नका, असंही बजावलं. हाजराबी म्हणाली, "जा तू. आमी दोघं बघतो ह्याला." सिंधुनं पिशवी भरून ठेवली.

आणि नेमकी त्याच रविवारी वैजनाथची थोरली बहीण पारूबाई जीप भरून माणसं घेऊन आली. तिच्या घरात लग्न निघालं होतं. त्याआधी भेटून घेतलं की कुणी बोट दाखवायला नको! हाजराबी वैजनाथला वरणभात भरवत बसली होती. पारूबाई उंबऱ्यातच थांबली.

"सिंधु, घरातली माणसं मेली का गं सगळी? माझ्या भावाला ह्या बाईच्या हातचं खायची पाळी आली?"

हाजराबीनं सिंधुकडे बघितलं. सिंधु चहाच्या पातेल्याशी उभी होती. तिनं मान खाली घातली आणि साखर टाकली. हाजराबीनं वाटी ठेवली, पदर सावरला आणि निघून गेली.

चहा झाला, बिस्किटं झाली. पारूबाईनं भावाच्या केसांवरून हात फिरवून डोळे पुसले आणि सगळे उठले. तेव्हा सिंधु म्हणाली, "अक्का, उद्या माझं ऑपरेशन हाय. ह्यांच्यापाशी कोण राहतंय?"

एकाला शेतात पाणी द्यायचं होतं, एकीची कंबर धरली होती. पारूबाईला लग्नाचे पापड लाटायचे होते. "पुढं ढकल की बाई, गाठ काय पळून चालली का?" ती म्हणाली.

सिंधुचं डोकं फिरलं. तिनं पिशवी उचलली आणि जीपमध्ये पारूबाईच्या जागेवर जाऊन बसली. "जावईबापू, गाडी काढा. नांदेडला सोडा मला. अक्का राहतेत भावापाशी."

पारूबाईचा जावई बालाजी स्टिअरिंग धरून सासूकडे बघत राहिला. सासू बोंबलायला लागली, सिंधुच्या सात पिढ्या काढल्या. पण जीपमध्ये चढलेल्यांपैकी एकानंही तिची बाजू घेतली नाही. सिंधु उतरली तर आपल्यातल्या कुणाला तरी राहावं लागेल, हे साऱ्यांना एकदम कळलं होतं. "चला हो, उशीर होतोय," मागून कुणी तरी म्हणालं. बालाजीनं गाडी काढली.

हाजराबीच्या दाराशी सिंधुनं जीप थांबवली. एकट्या पारूबाईला वैजनाथ वळवला जायचा नाही, हे तिला माहीत होतं. ती उतरली. हाजराबी दारातच उभी होती. सगळा तमाशा तिनं बघितला होता.

"आपा, अक्काला ऐकवलं मी. राहिल्या त्या. तुमी दोघं फकस्त वळवायला तेवढं..."

"ऐकलं मी. सोताच्या येळेला बरं तोंड उघडलं गं तुझं," हाजराबी म्हणाली. "माझ्या येळेला साखर टाकत होतीस."

हाजराबीनं आत जाऊन दार लावून घेतलं आणि आतून कडी घातली.