खिळ्यावरचे वाघ

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही, आणि आमचा संसार चाळीस वर्षांचा आहे. तुम्हाला सांगतो — जमेल तसं.

आमचं घर शिंप्याचं. आई आणि मी गावी, बेट्टदपुरात; अप्पा म्हैसुरात कामाला. काय काम? — इथेच मी अडखळतो. शिकारीत मारलेल्या वाघांची कातडी कमावून त्यांचे गालिचे करणारा एक कारखाना होता. कातड्याच्या पाठीला बनात, म्हणजे जाड लोकरी कापड, लावायची आणि कडेनं तिची कंगोरेदार किनार काढायची, हे अप्पांचं काम. उरलेल्या लाल बनातीचं आईनं मला दप्तर शिवलं. ते दप्तर खांद्याला लावून शाळा शिकलो, आणि आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर झालो.

कॉलेजसाठी अप्पांच्या खोलीवर राहायला आलो. वर्गात सांगितलं — वडील सूट शिवतात. प्राणिशास्त्राच्या त्या वर्गात सगळे वाघ वाचवायचं बोलत. मीही बोलत होतो, आणि अगदी मनापासून. मग घरचं खरं कसं सांगायचं?

अप्पांना लिहिता येत नव्हतं. कातडं आलं की जुनी वर्तमानपत्रं जोडून त्यावर ते पसरत, खडूनं आकार काढत, कागद कापत आणि त्यावरून बनात बेतत. मग तो कागद खोलीतल्या खिळ्याला अडकवत. वर्षानुवर्षांचे वाघ एका खिळ्यावर! एका रविवारी त्यांनी सगळे उतरवले. सर्वांत जुना जमिनीवर पसरला, त्यावर सर्वांत नवा ठेवला. नवा वाघ जुन्याच्या पोटात मावला.

“बघ रे मगा,” ते म्हणाले. लाडात आले की मला ते कन्नडातच पोरा म्हणायचे. “थोरले संपले. आता वाघाची पोरं मारतायत. बंदूकवाल्याला कळत नाही, शिवणाऱ्याला कळतं.”

मग त्यांनी मला पत्र सांगितलं. जंगल खात्याच्या साहेबांना, इंग्रजीत. शिकार काही वर्षं थांबवा. पुढे सुरू केलीत तर म्हातारे नर तेवढे मारू द्या. आणि तोवर शिवणारे, कातडी कमावणारे, रान उठवणारे हाकारे — यांना दुसरं काही काम लावून द्या. ज्यावर स्वतःचं पोट चालतं तेच काम थांबवा, असं तो माणूस सांगत होता. ते दोन कागदही त्यांनी जोडायला दिले. “साहेबांना वाचायला सवड नसली तर हे तरी बघतील.”

मी पत्र लिहिलं. चांगलं लिहिलं. खाली अप्पांचं नाव, कारखान्याचं नाव, आणि लिहिणारा मुलगा म्हणून माझं. ते बघून हात थांबला. आमचे प्राध्यापक जंगल खात्याच्या कचेरीत नेहमी जात-येत. त्यांनी पाहिलं तर? जाडजूड पाकीट माझ्या ट्रंकेत गेलं.

“टाकलंस ना रे?”

“टाकलं, अप्पा.”

मग रोज कामावरून आले की पहिला प्रश्न — साहेबांचं आलं का? शेजारचा इस्त्रीवाला थट्टा करायचा, “काय अप्पाजी, साहेब वाघाला विचारून उत्तर देणार वाटतं!” अप्पा हसायचे. “विचारू दे की. वाघ माझंच नाव सांगेल.”

त्याच वर्षी कॉलेजात भाषणाची स्पर्धा झाली. मी शिकारीवर बोललो. नवा वाघ जुन्याच्या पोटात मावतो — हेही मी म्हणालो. पहिलं बक्षीस मिळालं. प्राध्यापकांनी विचारलं, हे तुला कुठे मिळालं? मी म्हणालो — ग्रंथालयात.

घरी अप्पांनी चषक दोन्ही हातांत धरला. “आपले कागद सांगितलेस? सगळ्यांसमोर? आपल्या नावानं?”

मी हो म्हणालो.

“आयतु मग, झालं काम,” ते म्हणाले. “आता साहेबांचं नाही आलं तरी चालेल.” त्यानंतर त्यांनी टपालाचं कधी विचारलं नाही.

पुढे शिकार कायद्यानं बंद झाली. व्हायलाच हवी होती. अप्पांचं काम गेलं. शेवटपर्यंत ते उशांचे अभ्रे शिवत राहिले. घरी येईल त्याला सांगायचे — आमचं म्हणणं माझ्या पोरानं आमच्या नावानं मोठ्या लोकांपुढे मांडलं. मी शेजारीच बसलेला असायचो. चहा पीत.

ट्रंक आता म्हैसुरातल्या आमच्या सरस्वतीपुरमच्या घरात माळ्यावर आहे. परवा बायको देवळात गेली असताना ती खाली काढली. कागद घडीवर फाटलेत, पण कडेला अप्पांचा खडू दिसतो. लहान अजून मोठ्यात मावतो. पाकिटावर अप्पांनी स्वतःच्या हातानं चिकटवलेलं तिकीट आहे, थोडं तिरकं. त्यावर शिक्का नाही.