निळ्या स्क्रीनचे फोरमनकाका

यंत्र बिघडलं की शांत होणारा आणि नीट चालू लागलं की धास्तावणारा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला, तो म्हणजे बजाजनगरात आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर राहणारे फोरमनकाका. वाळूजच्या एका कारखान्यात मशीन दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेली. निवृत्तीनंतर इमारतीतले सगळे मिक्सर आणि पंखे त्यांच्याच ताब्यात होते, पण खरा जीव आमच्या घरच्या कॉम्प्युटरवर. तो पंधरा दिवस विनातक्रार चालला की काका स्वतःहून वर येत आणि म्हणत, "लई गुमान चाललंय. कायतरी दडवतंय बघा." मग मोठ्या स्क्रूड्रायव्हरचं टोक कॉम्प्युटरच्या डब्याला टेकवून त्याच्या मुठीला कान लावत. आतल्या पंख्याचं बेअरिंग त्यांना म्हणे तसं ऐकू येई. आम्हाला फक्त त्यांचा श्वास ऐकू यायचा.

निळी स्क्रीन आली, तो रडका चेहरा आणि त्याखालचा इंग्रजी कोड दिसला, की आमची बोबडी वळायची आणि काकांच्या चेहऱ्यावर तेज यायचं. घाबरून बटण दाबणाऱ्याला ते गुन्हेगारच समजत. "बंद करून चालू केलं की सबूत मिटतो, भाऊ. आधी कोड लिहून घ्या." कोड, वेळ, तेव्हा घरात कोणकोण होतं, सगळं ते एका जाड वहीत पेन्सिलीनं उतरवत. मग ठरलेला प्रश्न यायचा, "शेवटी काय बदललं होतं?" 'काहीच नाही' हे उत्तर त्यांनी कधीही मान्य केलं नाही.

गेल्या वर्षी त्यांच्या मुलीनं त्यांना कायमचं नाशिकला न्यायचं ठरवलं. रविवारी सकाळी सामानाचा टेम्पो आला आणि नेमका त्याच सकाळी आमचा कॉम्प्युटर सुरू होता होता निळा पडू लागला. एकदा नाही, तीनदा. पैठणच्या विणकरांवरचा माझ्या बायकोचा प्रबंध सोमवारी विद्यापीठात द्यायचा होता आणि त्याची शेवटची दोन प्रकरणं फक्त त्या डब्यात होती. दुसरीकडे प्रत काढून ठेवायचं काम माझं होतं. मी ते केलं नव्हतं. बायकोनं जिन्यातून खाली काकांना हाक मारली.

काका सामान टाकून वर आले. खाली टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता.

"शेवटी काय बदललं होतं?"

"काहीच नाही, काका," मी म्हणालो.

त्यांनी टेबलाखाली वाकून पाहिलं. फरशीवर डब्याचा जुना चौकोनी डाग होता आणि डबा त्यापासून हातभर लांब. "मंग हा हितून तिथं चालत गेला व्हय?"

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. पाहुण्यांची गादी टाकायला मी आदल्या दिवशी डबा फरफटत सरकवला होता. कबूल करावंच लागलं.

काकांनी डबा उघडला, मेमरीची सैल झालेली पट्टी काढली आणि खोडरबर मागितलं. तिच्या कडेचे सोनेरी दात ते घासू लागले. हॉर्न पुन्हा वाजला. "थांब म्हणा त्याला!" दोन्ही अंगठ्यांनी दाबून त्यांनी पट्टी बसवली. "कुणी हलू नका." आम्ही श्वाससुद्धा घेतला नाही. स्क्रीन काळी राहिली, राहिली, आणि मग नेहमीचं चित्र आलं. प्रबंध उघडला. बायकोला हुंदका फुटला.

"आधी पेनड्राईव्ह लावा ताई," काका म्हणाले, "मंग रडा."

जाताना त्यांनी वही माझ्या हातात दिली, पेन्सिलीसकट.

त्यानंतर महिनाभरानं पुन्हा निळी स्क्रीन आली. मी बटणाला हात लावला नाही. वहीत कोड लिहिला आणि नाशिकला फोन लावला. खरं सांगायचं तर कोड हे निमित्तच होतं. जिना उतरताना त्यांच्या दारावरचं कुलूप रोज दिसतं आणि मला चुकल्याचुकल्यासारखं होतं. काकांनी कोड दोनदा वदवून घेतला.

"शेवटी काय बदललं होतं?"

"काहीच नाही, काका."

"आसं नसतंय, भाऊ," ते म्हणाले. "नीट आठवा."