बैलांचा सोमवार

सोमवारी आमच्या घरी बैल जुंपत नाहीत. आमच्या माकणी गावात आमच्यासारखी महादेवाला मानणारी घरं बरीच आहेत, पण बहुतेकांनी हा नियम ट्रॅक्टर आल्यावर गुंडाळून ठेवला. ट्रॅक्टरला कसला आलाय सोमवार? आम्ही बैलजोडी ठेवली आणि सोमवारही ठेवला. त्यावरून गावात आम्हाला मागासलेले म्हणतात. म्हणोत. मी लोहाऱ्याच्या शाळेत इतिहास शिकवते. मला मागासलेली म्हणणाऱ्यानं आधी माझ्यासमोर येऊन बसावं.

मी देवभोळी नाही. लहानपणी गळ्यात बांधलेलं इष्टलिंग तसंच आहे, पण सोमवारी बैल जुंपला तर नंदी कोपेल असं मला कधी वाटलं नाही. आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, वाटायचं. रविवारी दिवस मावळताना ते जू उचलून स्वतः भिंतीला लावून ठेवत आणि बैलांच्या पाठीवर थाप मारून म्हणत, "नाळे रजा." कानडीत याचा अर्थ उद्या सुट्टी. बैलांशी आणि आईशी ते कानडीतच बोलत. या दोघांना मराठीत सांगितलेलं पटत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

आप्पा गेल्यावर घर मी चालवायला घेतलं. लग्न केलं नाही, त्यामुळे मला उठवून कुठं नेणारं कुणी नव्हतं. धाकटा भाऊ लोहाऱ्यात राहतो, त्याचं खता-बियाणांचं दुकान आहे. शेताची वाटणी झाली. धरणाच्या बाजूचा खालचा तुकडा तेवढा सामाईक राहिला, आणि बैलजोडीही सामाईकच राहिली. बैल, तुकडा आणि मी, हे सगळं सांभाळायला आप्पांच्या वेळेपासूनचा सालगडी आहे. मी त्यांना मामा म्हणते.

सालगडी म्हणजे काय, हे शहरातल्या लोकांना सांगावं लागतं. पाडव्याला बोली होते ती पुढच्या पाडव्यापर्यंत. मधे रविवार नाही, दुसरा शनिवार नाही. अंधारात उठून शेण काढायचं आणि अंधार पडला की वैरण टाकायची. अंग मोडून आलं तरी मालकाला तोंड दाखवून यायचं. आमच्या घरी मात्र बैल सुटले की गडी सुटला, असं आप्पांनी ठरवून टाकलं होतं. म्हणून सोमवारी मामा बैलांना धरणाच्या पाण्यात धुऊन आणतात, दाढी करतात आणि भरदिवसा रस्त्याकडच्या ओट्यावर आडवे होऊन घोरतात. येणारे-जाणारे जमीनदार बघतात आणि आतल्या आत जळतात. मला ते घोरणं फार आवडतं.

आता बाबिलोनचं सांगते, कारण भांडण तिथून सुरू झालं. पुस्तकात जुन्या संस्कृतींना जेमतेम काही पानं मिळतात. मुलं तोंड वाकडं करतात. बाई, कुठलं कोण मेसोपोटेमिया, आपल्याला काय करायचंय? मग मी पुस्तक मिटते आणि एकाला विचारते, घड्याळात किती वाजले? दहा वाजून वीस मिनिटं. तासाची मिनिटं साठच का? शंभर का नाहीत? ते साठ बाबिलोनच्या लोकांनी मोजले, आणि ती लोकं मातीला मिळाली तरी त्यांचे साठ तुमच्या मनगटावर आहेत, असं मी सांगते. मग वारांवर येते. दोन नद्यांमधल्या त्या मुलुखात लोक रात्र रात्र आकाशाकडं बघत बसले. त्यांना ताऱ्यांमधून फिरणारे सात जण दिसले, सूर्य, चंद्र आणि पाच ग्रह. पुढं इजिप्तमध्ये त्या सातांच्या नावानं दिवस वाटले गेले, ग्रीकांनी ते उचलले आणि त्यांच्या मागून ते आपल्याकडं आले. त्याआधी आपण तिथी आणि नक्षत्रं मोजत होतो. यहुद्यांनी तर सातव्या दिवशी काम बंद ठेवायचा नियमच केला आणि त्या नियमात चाकराला धरलं, बैलालाही धरलं. हे सांगताना माझा आवाज चढतो. परीक्षेत यातलं काही येत नाही, तरी दरवर्षी सांगते.

माझी भाची, म्हणजे त्याच भावाची मुलगी, त्या वर्षी माझ्याच वर्गात होती. तिनं हे सगळं घरी जाऊन सांगितलं.

ज्वारीच्या पेरणीचे दिवस होते. वरचं रान भाड्याच्या ट्रॅक्टरनं पेरून झालं होतं. खालच्या तुकड्यात ट्रॅक्टर रुततो, तिथं बैलच लागतात, आणि तिथला चिखल वाळून पेरण्याजोगा वाफसा आला तो नेमका सोमवारी. पाऊस पुन्हा यायची चिन्हं होती. सकाळी मी शाळेला निघायला म्हणून पर्स घेऊन बाहेर आले, तर भावाची मोटारसायकल दारात. त्यानं पेरायची तिफण बाहेर काढली होती, बियाण्याची पिशवी उघडली होती आणि जू आणून अंगणात टाकलं होतं. मामा बैलाचं दावं हातात धरून उभे होते. ते सोडतही नव्हते आणि नाहीही म्हणत नव्हते.

"आज सोमवार हाय," मी म्हटलं.

"म्हाईत हाय," भाऊ म्हणाला. "आज पेरलं न्हाई तर रान पडीक पडलंच म्हणून समज. आन् सोमवाराचं मला नको सांगू, अक्का. तूच पोरीस्नी शिकवतीस ना, वार आपले न्हाईतच म्हणून? बाबिलोनच्या लोकांचे हायत म्हणून? मग त्यो महादेवाचा कवापासून झाला? कुठल्या कोण लोकांच्या वारापायी आपण आपलं रान पाडायचं?"

मला भयंकर राग आला. माझंच शिकवलेलं माझ्याच अंगणात माझ्यावर उगारलं होतं. त्यातून गोम अशी की तो चुकीचं काहीच बोलत नव्हता.

"बरं," मी म्हटलं, "मनगटावरचं घड्याळ काढ. ते बी त्यांचंच हाय."

"घड्याळाचं येगळं."

"दुकानाचं शटर आठवड्यातनं एक दिवस खाली असतं, ते कुठल्या देवाचं?"

"ती सुट्टी असती, अक्का! माणसाला एक दिवस नको का?"

"मग ह्यो बी माणसाचाच दिवस हाय. बैलाचा हाय आन् मामांचा हाय. बाबिलोनवरनं आलेला असंल, न्हाईतर आभाळातनं पडलेला असंल. तुला ज्यो पायजे त्यो त्यांच्याकडनं काढून का घेतोस?"

आमच्यात जुवाला पाय लागला तर हात लावून नमस्कार करतात. मी त्या दिवशी सरळ जुवावर बसकण मारली. इस्त्रीची साडी, मांडीवर पर्स, आणि खाली जू. आप्पा असते तर काय म्हणाले असते कुणास ठाऊक. तिथूनच मुख्याध्यापकांना फोन लावला आणि किरकोळ रजा सांगितली. कारण काय म्हणाले. म्हटलं, बैलांची सुट्टी आहे आणि काही लोकांना ती मंजूर नाही.

एवढं झाल्यावर मामा बोलले. "बाई, ऱ्हाऊ द्या. एवढ्या डावाला करतो म्या. रान पडंल."

मी त्यांच्यावरही ओरडले. "एवढ्या डावाला म्हणूनच न्हाई करायचं, मामा! एवढ्या डावाला म्हणून सुरू झालेलं कवा थांबलंय का? आज वाफशापायी जुंपाल, पुढल्या सोमवारी तणापायी जुंपाल, आन् मग पाडव्याला नव्या बोलीत सोमवार नसंलच."

मामांनी हातातलं दावं सोडलं. म्हणजे बैलाला परत खुंट्याला बांधलं, आणि वैरण टाकून ते पाठमोरे होऊन उभे राहिले. भावानं बियाण्याची पिशवी उचलून मोटारसायकलवर टाकली. जाताना तो म्हणाला, "गावाला काय तोंड दाखवशील?" मी म्हटलं, हेच.

त्याच रात्री पाऊस आला आणि थांबायचं नाव घेईना. खालच्या तुकड्यात पाणी साचलं आणि ज्वारीची वेळ निघून गेली. सोमवारी पेरलं असतं तर उगवलं असतं की कुजलं असतं, हे कुणीच सांगू शकत नाही, पण गावानं ठरवून टाकलं की बाईंनी रान पाडलं. भाऊ दिवाळीपर्यंत बोलला नाही. मला त्याचं वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. भाऊबीजेला तो आला, ओवाळून घेतलं, आणि जेवताना एकदाही वर बघितलं नाही.

मी रोज शाळेला जाते त्या लोहाऱ्याच्या जीपमध्ये माझं नाव 'बाबिलोनवाल्या बाई' पडलं. तो काळा, उघडा तुकडा जीपमधून दिसतो. तो आला की कुणीतरी म्हणणारच, "बघा, बाईंचा सोमवार." सगळे हसत. मी पण बघत असे. आजूबाजूला कंबरेएवढी ज्वारी आणि मधे ते मोकळं रान, दिसायला वाईटच होतं. पण मान खाली घालण्यासारखं मला त्यात काही दिसलं नाही. माझ्या आयुष्यात मी शिकवलेलं असं शेतात उघड मांडून ठेवलेलं पहिल्यांदाच बघत होते.

मामांनी आभार वगैरे मानले नाहीत. उलट महिनाभर तोंड पाडून होते, कारण पडलेलं रान शेवटी त्यांच्याच डोळ्यासमोर होतं. मग एका सोमवारी ते पुन्हा ओट्यावर झोपले, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

पाडवा झाल्यावर दोनच दिवसांनी आमच्या बांधाला बांध असलेला जमीनदार घरी आला. मोठं खटलं, ट्रॅक्टर आहे, दोन बैलजोड्या आहेत, आणि आमच्यासारखे सोमवार पाळणारे ते नव्हेत. आला तोच तणतणत.

"बाई, तुमच्या गड्यानं माझ्या गड्याचे कान भरले. आजवर बोलीच्या वक्ताला मान वर करत नव्हता. औंदा मला म्हणतो, आठवड्याला एक दिवस पायजे. बाईंच्या घरी मिळतो तसा!"

मला मनातून फार आनंद झाला. पण चेहरा वर्गातला ठेवला.

"मग द्या की," म्हटलं.

"द्या की कसं? आमच्यात कुठं सोमवार असतो?"

"मंगळवार द्या. तुळजापूरला जाता ना दरसाल? भवानीचा वार हाय."

"म्हणजे बैलं मंगळवारी बसवायची? लोक काय म्हणतील?"

"मला काय म्हणतात ते जीपमधी बसून ऐका, सवय व्हईल. वार कुठला बी द्या, पर द्या. मामांच्या हातचा चहा घेऊन जाता का?"

त्यानं चहा घेतला नाही. फाटकाची कडीसुद्धा न लावता गेला, आणि मी समजले की काही होत नाही यातून. इतक्या लांबून, इतक्या शतकांतून चालत आलेला दिवस शेवटी एका बांधावर अडणार. मला रडू आलं, तेही रागानं.

मिरगाच्या आधी, नांगरटीच्या घाईच्या दिवसांत, शिक्षकांच्या कसल्याशा प्रशिक्षणासाठी मी जीपनं लोहाऱ्याला निघाले होते. जीप नेहमीसारखी खच्चून भरलेली. बांधाशेजारच्या त्या जमीनदाराच्या रानापाशी एका माणसानं हात केला आणि जीप थांबली. धुतलेला सदरा, नुकतीच केलेली दाढी, केसांना तेल. मी त्याला ओळखलंच नाही. बांधावर त्याला कायम शेणामातीत बघितलेलं. तो दाटीवाटीनं माझ्यासमोर बसला, मला बघून ओशाळवाणं हसला, आणि मग मला कळलं की हा तोच गडी.

ड्रायव्हरही त्याला ओळखत होता. आरशातून बघून म्हणाला, "का रं, भर नांगरटीत? मालकानं कुठं धाडलं?"

"कुठं न्हाय."

"मग लोहाऱ्यात काय काम काढलं?"

गडी नीट सरळ होऊन बसला.

"काम काय न्हाय," तो म्हणाला. "आज मंगळवार हाय."