साडूंची हलकी गाडी

चांगली चालती वस्तू उघडून तिच्यातलं सुख काढून टाकायचं आणि वर त्याला सुधारणा म्हणायचं, या विद्येत आमच्या साडूंचा हात धरेल असा माणूस अख्ख्या कोल्हापुरात सापडायचा नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. त्यांचं सरकी-पेंडीचं दुकान आहे. दुकान चांगलं चालतं, माणूस निर्व्यसनी, देवधर्म बेताचा, बोलणं मोकळं. एवढं सगळं जुळून आलेलं असताना त्यांनी एका फौंड्रीवाल्याच्या पोराकडून ती जुनी, जोरात पळणारी गाडी का घ्यावी, हे मला आजतागायत कळलेलं नाही. घेतली ती घेतली, वर पन्नाशी उलटल्यावर त्यांच्या डोक्यात भरलं की गावाबाहेरच्या माळावर दरसाल घड्याळ लावून गाड्यांची शर्यत होते, तीत आपण एकदा तरी उतरायचं.

त्या दिवसापासून त्यांचं वजनाशी वैर सुरू झालं. दुकानात पोती तोलायचा मोठा काटा आहे. गाडीतली एकेक वस्तू त्या काट्यावर चढायला लागली. जादा चाक गेलं, जॅक गेला, मागची सीट अर्धी गेली. डॅशबोर्डावरच्या गणपतीलाही त्यांनी काट्यावर ठेवून पाहिलं आणि मग स्वतःचे कान धरून परत जागेवर बसवलं. वस्तू संपल्यावर पाळी नातेवाइकांची. एका बारशाला निघालो होतो तर हा गृहस्थ मला दुकानात घेऊन गेला आणि काट्यावर उभं केलं. म्हणाले, "पावणं, दिवाळीपास्नं वाढलाय की तुम्ही. मागं बसा, आणि वळण आलं की जरा आतल्या अंगाला कला." माझ्यापाठोपाठ माझी बायकोही हौसेनं काट्यावर चढली. आकडा त्यांनी मोठ्यानं वाचला. ती त्यांच्याशी आजही नीट बोलत नाही.

मग त्यांची नजर इंजिनावर गेली. गाडीतला एसी आणि स्टिअरिंग हलकं करणारा पंप, दोन्ही इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरतात, म्हणजे इंजिनाचीच ताकद खातात, हे त्यांना कुठूनसं कळलं. झालं. दुकानात गिऱ्हाईक पेंडीचा भाव विचारायला आलं तरी हे त्याला पट्टा समजावून सांगायचे. मला म्हणाले, "एसी म्हंजे इंजिनाच्या उरावर बसलेला घरजावई हाय. काम न्हाय धाम न्हाय, नुसता बसून खातोय." आम्ही दोघेही एकाच घरचे जावई असल्यानं मी तो विषय वाढवला नाही. ऐन उन्हाळ्यात एसी निघाला. काचा खाली करून धूळ खात फिरणं सुरू झालं. लग्नाला निघालेली अक्का पिवळी साडी नेसून बसायची आणि खाकी नेसून उतरायची. तरी एसीवाचून तिचं अडत नव्हतं.

अडलं ते पंप काढल्यावर. दोन वर्षांपूर्वी अक्का न्हाणीत घसरून पडली होती आणि ऑपरेशन करून तिच्या उजव्या मनगटात स्टीलची पट्टी घातली होती. त्या हातानं तिला भरलेली कळशी उचलत नाही. पण ही गाडी चालवता यायची, कारण स्टिअरिंग बोटानं फिरायचं. दर शनिवारी ती एकटी हातकणंगल्याला जायची, आमच्या सासूबाईंना भेटायला. सासूबाई एकट्या राहतात आणि कोल्हापूरला यायचं नाव काढत नाहीत. अक्कानं एकदा माझ्या बायकोला सांगितलं होतं, "आठवड्यातनं तेवढंच माझं मी जाणं हाय बघ. कुणाला इचारायचं न्हाय, कुणासाठी थांबायचं न्हाय." हे मला माहीत होतं, म्हणून मी साडूंना म्हटलं, "दाजी, पंप काढला तर अक्का गाडी कशी वळवणार?" ते फडक्यानं पंप पुसत होते. मान वर न करता म्हणाले, "सवय हुतीया की. गाडी पळाय लागली की स्टिअरिंग हलकं पडतंय." पळायला लागल्यावर पडतं हो. पण गाडी आधी त्यांच्या बोळातून बाहेर काढावी लागते, आणि तिथं माझ्यासारख्या धडधाकट माणसाच्या खांद्यातनं कळ जाते. अक्कानं दोनदा प्रयत्न केला. तिसऱ्या शनिवारी ती पिशवी घेऊन एसटीला गेली.

साडू वाईट माणूस नाहीत. "मग मी सोडतो की," म्हणाले, आणि पुढच्या शनिवारी खरंच निघाले. आंब्याची पेटी धरायला मी मागं, अर्ध्या सीटवर. एसी आणि पंप गेल्यानं इंजिनाच्या पट्ट्यावरची दोन चाकं कमी झाली म्हणून त्यांनी आखूड पट्टा आणून स्वतःच चढवला होता, कुणालाही न विचारता. त्याची वाट चुकली आणि इंजिनाला गार ठेवणारा पाण्याचा पंपच उलटा फिरायला लागला. हे अर्थात नंतर कळलं. तेव्हा एवढंच दिसलं की शहराबाहेर पडताच इंजिनाची गरमी दाखवणारा काटा तांबड्यात गेला. साडू शांतपणे म्हणाले, "घाबरू नगा, इंजिनाची ऊब आत घ्यायची," आणि त्यांनी हीटर लावला. मे महिना, दुपारची वेळ, आणि पायांवर हीटरची झळ. अक्का खिडकीबाहेर तोंड करून बसली होती. मी हातकणंगल्यापर्यंत साडूंना मनातल्या मनात जे जे म्हटलं ते इथं लिहिता येण्यासारखं नाही. आंबे मात्र पोचेपर्यंत छान पिकले.

एकदाची शर्यत आली. आम्ही सगळे माळावर उन्हात उभे. साडूंची गाडी सुटली ती खरोखर सुटली. सरळ रस्त्यावर तिनं असा काही आवाज काढला की मी, ज्यानं महिनाभर त्यांना शिव्या घातल्या होत्या, टाळ्या वाजवत होतो. पण शेवटचं वळण अगदी आवळलेलं होतं, माती भुसभुशीत. साडूंचे दंड तोवर भरून आले होते. स्टिअरिंग वळेना. गाडी सरळ कडेच्या कडब्याच्या पेंढ्यांत शिरली. त्या पेंढ्या त्यांच्याच दुकानातनं गेल्या होत्या. मागं घेऊन, झटापट करून त्यांनी फेरी पुरी केली आणि जवळजवळ शेवटचा नंबर मिळवला.

गाडीतनं उतरल्यावर त्यांना हेल्मेटचा पट्टा सुटेना. हात वरच जाईनात. अक्कानं पुढं होऊन डाव्या हातानं तो सोडवला आणि त्यांच्या हातात चहाचा कप दिला. कप इतका थरथरत होता की चहा अंगठ्यावर सांडला. साडू कपाकडं बघत राहिले, मग तिच्या मनगटाकडं. हळू आवाजात म्हणाले, "तुला असंच व्हत हुतं व्हय?" अक्का म्हणाली, "सोडा आता. चहा घ्या."

दोनच दिवसांत पंप परत बसला. या खेपेला पट्टा त्यांनी गॅरेजवाल्याकडून घालून घेतला. शनिवारी सकाळी मुद्दाम मलाही बोलावलं होतं. किल्ली अक्काच्या हातात दिली. ती बसली, एका बोटानं स्टिअरिंग इकडं फिरवलं, तिकडं फिरवलं, आणि इंजिन सुरू न करताच खाली उतरली. "न्हाय ओ," ती म्हणाली. "हात हलका चालतोय, पर आता रस्त्याचं भ्या वाटाय लागलंय. माझी सवय मोडली." साडू फडकं घेऊन आधीच पुसलेलं बोनेट पुन्हा पुसायला लागले. मला त्यांचा इतका राग यायचा, पण त्या वेळी त्यांच्याकडं बघवेना.

आता रोज सकाळी ते तिला एका मोकळ्या मैदानावर घेऊन जातात. ती चालवते, हे शेजारी बसतात. फिरायला गेलो की मला दिसतात. गाडी माणसाच्या चालीनं गोल फिरत असते आणि साडू स्टिअरिंगला हात लावत नाहीत. शनिवारी मात्र दोघं एसटीनं जातात. गाडी दारात उभी, टाकी भरलेली, आणि हे पिशवी घेऊन स्टँडकडं निघालेले. परवा न राहवून मी विचारलं, "दाजी, तोवर तुम्ही का नेत नाही गाडी?"

अक्का चार पावलं पुढं गेली होती. ते म्हणाले, "मला काय, मी कवाबी नेईन की. पर ते तिचं जाणं हुतं, पावणं. ती चालवील तवाच गाडी तिकडं जाईल."

मी त्यांच्या हातातली पिशवी घेतली आणि स्टँडपर्यंत त्यांच्याबरोबर चालत गेलो.