राखेची आंघोळ

माझ्या वहिनीला स्वच्छतेचं वेड आहे. भाऊ घरात पाऊल टाकतो न टाकतो तोच त्याचे बूट धुवायला जातात! ती कारखान्यात केमिस्ट, मी तिथेच पॅकिंगला. म्हणजे घरीही तिची बोलणी खायची आणि कामावरही.

आमच्याकडे तळणाच्या उरलेल्या तेलात अल्कोहोल मिसळून रंग पातळ करायचं द्रावण बनवतात. पण दोघांची क्रिया आपोआप होत नाही, ती घडवून आणायला मालक बाहेरून कॉस्टिक सोडा मागवायचे. वहिनी म्हणाली, "शेतात केळीचे खुंट नुसते कुजतात. त्यांची राख हेच काम करेल." खुंट जाळायला हट्टाने लोखंडी भट्टी बनवून घेतली. आणि वर्षभर काय? तेल आपलं जसंच्या तसं! शेवटी मालक वैतागले. "उद्या भंगारवाला येतोय. सकाळी शेवटचा प्रयोग करा, नाहीतर भट्टी त्याच्या टेम्पोत."

वहिनीचा चेहरा एवढासा झाला. मला मालकांचा असा संताप आला म्हणून सांगू!

दुपारी डबा घेऊन गेले, तर बाईसाहेब नेहमीप्रमाणे राख धूत होत्या, पाणी नितळ होईपर्यंत. मी म्हटलं, "अगं, राखेला कसली आंघोळ घालतेस?"

तिचं लक्ष हाताकडे होतं. हातमोजा फाटला होता, आणि ती बोटं एकमेकांवर चोळत उभी होती. धुवणाचं पाणी साबणासारखं बुळबुळीत लागत होतं.

"अगं बाई!" ती किंचाळली. "राखेतला खार, तिचा सगळा गुण पाण्यात उतरतोय, आणि मी वर्षभर तो गटारात ओततेय!" तशाच काळ्या हाताने तिने कपाळ बडवलं.

सकाळी तिने न धुतलेली, कोरडी राख तेलात घातली. बाहेर भंगारवाला टेप लावून भट्टीचं माप घेत होता. अल्कोहोल मिसळून तापवणं उरकल्यावर तिने ते मिश्रण काचेच्या उभ्या भांड्यात ओतलं; क्रिया झाली असेल तर आता दोन थर वेगळे व्हायला हवेत. माझा जीव टांगणीला! सुरुवातीला सगळं गढूळ. मग हळूहळू तळाशी तपकिरी थर बसला, वर सोनेरी, आरपार दिसणारा. मध्ये स्वच्छ रेघ.

"झालं!" मी ओरडलेच. मालकांनी चष्मा पुसून दोनदा वाकून पाहिलं.

"बाई, जिंकलात. भट्टी राहू दे."

भंगारवाला कुरकुरला, "म्हणजे माझी खेप फुकट?"

"फुकट कशाला?" वहिनी म्हणाली. मालकांकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. "मागे कॉस्टिकची रिकामी पिंपं पडलीत. सगळी घेऊन जा. आता ती भरायची नाहीत."