धुडकूची पोपटी सायकल

धानोऱ्यात कुणी एखादी वस्तू उसनी द्यायला का-कू केली, की समोरचा हमखास विचारतो, "काय रे, तू बी धुडकू हुई गया का?" मग सगळे हसतात. सोयऱ्यांपुढं मिरवायला एका दिवसापुरती सायकल मागितली, तर ती द्यावी लागू नये म्हणून या गड्यानं ती तापीच्या डोहात लोटून दिली, अशी त्याची ख्याती. गोष्ट खरी आहे. सायकल त्यानंच लोटली, आणि तीही मागणाऱ्याच्या डोळ्यांदेखत. कारण तेवढं वेगळं होतं. पण कारणाची चौकशी करत बसलं तर गोष्टीची चव जाते, हे गप्पा मारणाऱ्यांना पक्कं ठाऊक असतं.

धुडकू म्हणजे चिंधी. आधीची भावंडं जगली नाहीत, म्हणून याला दृष्ट लागू नये या हिशोबानं आईबापांनी असलं नाव ठेवलं. दृष्ट लागण्यासारखं त्याच्यात काही नव्हतंही. लांब मान, काटकुळे पाय, सातवीपर्यंत शाळा, थोडी कोरडवाहू जमीन आणि एकच वेड, सायकल. नंदुरबारच्या बाजारात मिरची घेऊन गेला, की मिरची राहायची बाजूला आणि हा सायकलच्या दुकानापुढं तोंड उघडं टाकून उभा. बायको कमलबाई म्हणायची, "लगीनमा माले बी इतलं देखं नव्हतं तुम्ही!"

स्वातंत्र्यानंतरची ती वर्षं. महारोगावर गोळ्या निघाल्या होत्या, पण त्या वर्षानुवर्षं खंड न पाडता घ्याव्या लागत. रोगी काही उपचार केंद्रापर्यंत यायचे नाहीत, अर्धे लांब पडतं म्हणून आणि अर्धे लाज वाटते म्हणून. तेव्हा एका परदेशी दानी संस्थेनं गोळ्याच गावोगाव धाडायचं ठरवलं. तिकडच्या लोकांनी आपल्या घरच्या वापरलेल्या सायकली दिल्या. संस्थेनं त्या दुरुस्त केल्या, बोटीनं मुंबईला आणि तिथून रेल्वेनं नंदुरबारला पाठवल्या. जो गोळ्या वाटेल त्याला सायकल. धुडकूनं कामाबद्दल एक अक्षर विचारलं नाही. सायकल मिळते एवढं ऐकलं आणि हो म्हणून मोकळा झाला.

कुणी विकून खाऊ नये म्हणून संस्थेनं सगळ्या सायकलींना एकच रंग दिला होता. झगझगीत पोपटी. धुडकूच्या सायकलीला हाताचा ब्रेक नव्हता, पायडल उलटं फिरवलं की ती थांबायची. हे त्याला दोनदा समजावून सांगितलं होतं. पण हँडल हातात आल्यावर त्याला ऐकू कुठं येत होतं? स्टेशनावरून सुटला तो थेट मिरचीच्या पथारीवर, वाळत घातलेल्या लाल ढिगाच्या मधोमध. व्यापारी शिंकतोय, हमाल शिंकतायत, बाया पदर नाकाला लावून शिव्या घालतायत, आणि हा मिरचीत बसून सायकलीला कुठं खरचटलं तर नाही ना, ते बघतोय.

घरी कमलबाईनं सायकलीला हळदकुंकू लावलं. म्हणाली, "सवत बनीसन उनी शेस, तं नीट नांद व माय."

पहिलं वर्ष धुडकूनं राजासारखं काढलं. गावात शिरताना घंटी वाजवायची, रोग्याच्या दारात ऐटीत सायकल उभी करायची, गोळ्या द्यायच्या, चहा प्यायचा. पण आमच्याकडच्या माणसाला एक खोड आहे. कुणाच्या दारात कुणाची गाडी उभी, यावरून तो त्या घराची अख्खी कुंडली मांडतो. पोपटी सायकल जिथं थांबते तिथं मोठा रोग, हे समजायला लोकांना वेळ लागला नाही. पाणवठ्यावर बाया एकमेकींना विचारू लागल्या, "काल पोपट कोना घर बठना व्हता?" तापीपलीकडच्या गावांत तर, पोपट दिसला की त्या घरचा विस्तवसुद्धा कुणी घेईना.

धुडकूनं संस्थेच्या साहेबाला सांगून पाहिलं. साहेब मनानं चांगला. म्हणाला, "हा रोग बरा होतो. यात लाजायचं काय?" बोलणं सोळा आणे खरं. पण साहेबाला इथं मुलगी उजवायची नव्हती.

गिरधर पाटलाला उजवायची होती. तापीच्या अलीकडच्या काठाला, नदीच्या वळणात त्याची केळीची बाग. गुजर घर, खाऊनपिऊन सुखी. त्याची बायको जसोदाबाई. तिच्या दंडावर चट्टा उठला आणि चुलीतली ठिणगी त्यावर पडली तरी तिला कळेना, तेव्हा ती काय ते समजली. नवऱ्याला बोलली नाही. धुडकू पहिल्यांदा त्या वाटेनं येताना दिसला, तेव्हा शेताच्या बांधावर आडवी आली.

"भाऊ, त्या गोळ्या माले बी देशी का?"

धुडकूनं दंड पाहिला. "देसू, बहीन. बरं हुई जाई. पन खाडा पडाले नको."

"नही पडाव. पन तुन्ही सायकल गावमा आनू नको. मन्ही मंगलानं लगीन व्हवानं शे. तवलोंग कोनले कळनं, तं पोर घरमाच ऱ्हाई जाई."

तेव्हापासून सायकल केळीच्या दाट पानांत दडवायची आणि धुडकूनं पायी जायचं, असं ठरलं. त्या गावानं पोपटी सायकल कधी पाहिलीच नाही. गिरधरला सांगितलं होतं की गोळ्या अशक्तपणाच्या. एकदा तपासताना धुडकूनं चट्ट्यावर चिमटा काढला आणि जसोदाबाई ओरडली, "अव माय!" मग दोघंही येड्यासारखी हसायला लागली. दुखलं म्हणून इतकं आनंदलेलं माणूस धुडकूनं त्याआधी पाहिलं नव्हतं.

मार्गशीर्षात सारंगखेड्याची यात्रा भरली. घोडे पाहायला निघालेले पलीकडच्या गावचे सोयरे वाटेत गिरधरचं घर आणि मंगला, दोन्ही पाहून जाणार होते. आता, घर दाखवायचं म्हणजे काय करतात हे सांगायला हवं का? शेजाऱ्याची बैलजोडी आपल्या गोठ्यात, मामाचं घड्याळ आपल्या मनगटावर, मावशीची पितळी भांडी आपल्या फळीवर. सोयऱ्यांनाही ते माहीत असतं, कारण त्यांनीही आपल्या वेळी तेच केलेलं असतं. गिरधरनं सगळं जमवलं होतं. आणि सकाळी बागेत केळीचं पान कापायला गेला, तर पानांत सायकल!

गिरधरला सायकल सापडल्याचं धुडकूला ठाऊक नव्हतं. गोळ्या देऊन तो परत आला, तर गिरधर सायकल धरून उभा. मागं नदीत नाव अर्ध्यावर आलेली, नावेत सोयऱ्यांचे फेटे.

"अरे धुडकू, इतली चांगली सायकल अन केळीसमा दपाडस? आज ती मन्हा दारशी ऱ्हाई. सोयरा येई ऱ्हायनात."

"पाटील, ती संस्थानी शे. देता येत नही."

"खाई टाकसू का मी तिले? दोन घटका उभी करसू."

"चाक खराब शे."

"उभी ऱ्हावाले चाक कसाले लागस?" गिरधर आपल्याच विनोदावर खूश होऊन हसला.

धुडकूनं नावेकडे पाहिलं. नावेतला प्रत्येक जण हा पोपट ओळखणारा होता; केळीच्या आडोशामुळं तो अजून दिसला नव्हता, एवढंच. तो दारात दिसला, की पाहुणे पाणीसुद्धा न पिता उठणार. गिरधरला खरं सांगावं, तर जसोदाबाईनं इतके दिवस पोटात ठेवलेलं आत्ता या बांधावर उघडं पडणार. सायकल घेऊन निघून जावं, तर वळणातून बाहेर पडायची वाट एकच, आणि ती नावेच्या धक्क्यावरून.

"द्या, मीच आनस," तो म्हणाला.

त्यानं हँडल हातात घेतलं. खांद्यावरच्या उपरण्यानं सीट पुसली. मग वळणाआडच्या, नावेतून न दिसणाऱ्या काठाशी आला आणि सायकल दरडीवरून खाली सोडून दिली. डोहानं ती गिळली, आणि पाण्यावर काही राहिलं नाही.

गिरधर भडकला. "देनी नव्हती तं नही म्हनतास! नदीमा टाकस? आजथून मन्ही जमीनमा पाय ठेवू नको!"

नाव लागली तोवर धुडकू केळीत शिरून दिसेनासा झाला होता. पाहुण्यांनी विचारलं, कसला आरडाओरडा? गिरधरनं तावातावानं सांगितलं की असा एक चिक्कू माणूस निघाला, सायकल द्यायला नको म्हणून तापीला देऊन बसला. पाहुणे पोट धरून हसले. जेवताना हसले, पान खाताना हसले, आणि त्याच हसण्यात मंगलाचं लग्न ठरलं. आतल्या दाराआड जसोदाबाई तेवढी हसली नाही.

साहेबानं विचारलं, "कशी पडली?" धुडकू म्हणाला, "हातून सुटली." दुसरी सायकल मिळायची नव्हती. त्यानं पायी काम चालू ठेवलं, पण पायांना किती गावं पुरणार? लांबची एकेक करून सुटली. जसोदाबाईचं गाव लांब नव्हतं, पण ते बंद झालं होतं. तो वळणावर जाऊन बसायचा. ती कुणासोबत तरी असायची, मान वर न करता निघून जायची. नवऱ्यानं हाकललेल्या माणसाशी ती बोलणार कशी? लग्न धूमधडाक्यात झालं. धुडकूला कुणी बोलावलं नाही.

कमलबाईनं सायकलीबद्दल कधी विचारलं नाही. एकदाच म्हणाली, "सवत मरनी, तं रडी घ्या थोडं." तेव्हा तो रडला.

मध्ये बरीच वर्षं गेली. साठचं दशक उजाडलं होतं. सारंगखेड्याच्या यात्रेत, घोड्यांच्या गर्दीपासून लांब, धुडकूला जसोदाबाई एकटी बसलेली दिसली. उजवा हात पदराखाली. त्यानं विचारायच्या आधीच तिनं तो बाहेर काढला. बोटं आत वळून घट्ट मिटलेली.

"भाऊ, खाडा पडना," ती म्हणाली. जणू चूक तिचीच होती.

गिरधरनं तिला शेतात वेगळी झोपडी बांधून दिली होती. मंगलाच्या सासरी हाताची बातमी पोहोचली. नांदत्या सुनेला त्यांनी टाकलं नाही, पण माहेरची वाट मात्र तोडली. आईनं लेकीला पाहिल्याला मोप दिवस झाले होते, आणि नातीला तर पाहिलंच नव्हतं.

धुडकूनं तिला पुन्हा गोळ्या चालू केल्या. आता झोपडीवर त्याला अडवायला कुणी येत नव्हतं. रोग थांबला. बोटं काही उलगडली नाहीत.

मग तो एक नवीन काम करू लागला, जे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. नाव धरून पलीकडे जायचा, मंगलाच्या सासरच्या गल्लीतून उगीच एक फेरी मारायचा, आणि परत येऊन झोपडीपुढं टेकून पाहिलेलं सांगायचा. मंगला धान्य पाखडत होती. मंगला हिरवं लुगडं नेसली होती. पोरगी ओट्यावर खेळत होती. जसोदाबाई एकेक शब्द धरून ठेवायची.

एकदा तिनं विचारलं, "पोर कोनासारखी दिसस रे, भाऊ?"

धुडकूनं ती पोर गल्लीच्या टोकावरून पाहिलेली. जवळ जायची त्याची छाती नव्हती. तोंडही धड दिसलेलं नव्हतं.

"तुन्हासारखी," तो म्हणाला. "अशी तुन्हासारखीच."

"लबाड," जसोदाबाई म्हणाली, आणि म्हणाली, "परत सांग."